मुक्ता कुठे बघते

आधीच सांगते, याचा शेवट गोड नाही. मुलगी बोलायला लागली, शाळेत नाव काढलं, असलं काही वाचायला बसला असाल तर दुसरं काहीतरी वाचा. आमच्यासारख्या आईबापांचा एक फोनवरचा ग्रुप आहे. तिथे सारखं कोणीतरी विचारतं, "त्या औषधाच्या अभ्यासात मुलाला घालू का?" प्रत्येकीला तेच तेच सांगून माझा घसा बसलाय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

आणखी एक. ऑटिझम हा आजार नाही, असं हल्ली मला येणारा-जाणारा शिकवतो. मान्य. पण मग आमच्या घरात जे चाललंय त्याला काय म्हणायचं ते कोणी सांगत नाही. धड झोप नाही, पाहुणे येत नाहीत, आम्ही कोणाकडे जात नाही, आणि हॉस्पिटलची पिशवी कायम दाराशी भरलेली. आजारी माणसाच्या घरात असतं ते सगळं आमच्याकडे आहे. मी त्याला आजारपणच म्हणते. ज्याला राग यायचाय त्याला येऊ दे.

घाटकोपरची दुपार

मुक्ता अडीच वर्षांची होती. हाक मारली तर वळायची नाही. आम्हाला वाटलं कान. कान तपासले, ठणठणीत. मग कोणीतरी घाटकोपरच्या एका मुलांच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्यांनी तिच्या मागे उभं राहून हाक मारली, चेंडू टाकून बघितला, मग तिच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं आणि ते परत मिळवायला ती काय करते ते बघत बसले. मुक्ताने त्यांचं मनगट धरलं आणि बिस्किटाकडे ओढलं. त्यांच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. मला तर कौतुकच वाटलं, पोरगी रडली नाही, बरोबर काम करून घेतलं. मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जवळ घेतली. ऑटिझम, असं म्हणाले.

मंगेश, माझा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या मते बिघाड कळला म्हणजे अर्धं काम झालं. त्याने विचारलं, "औषध कुठलं द्यायचं?"

"याच्यावर औषध नाही. थेरपी आहे."

"आज नाही, की कधीच नाही?"

डॉक्टरांनी पेन परत उचललं. "आज नाही," म्हणाले.

खाली येऊन आम्ही रस्त्यात भांडलो. सासूबाईंना कोणी सांगायचं यावरून. मंगेश म्हणाला, तू सांग, तुझं ऐकतात. मी म्हटलं, आई तुझी आहे. रिक्षावाला मीटर टाकून आमच्या तोंडाकडे बघत होता. मुक्ता रिक्षाच्या चाकाकडे बघत होती. मरोळला घरी पोचेपर्यंत आमचं तेच चालू होतं.

सासूबाईंना शेवटी मीच सांगितलं. त्या कुडाळकडच्या. सासरे गावालाच असतात, घर आणि काजूची झाडं सोडून ते मुंबईत टिकत नाहीत. सासूबाई मुक्ताच्या जन्मानंतर आल्या त्या राहिल्याच, कारण मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छापखान्यात लग्नपत्रिकांचं डिझाइन करायचे आणि पोरीला बघायला कोणी नव्हतं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "चेडवाक दिठ लागली असात." नजर लागली म्हणे, मी चिडले. पण त्यानंतर मुक्तासाठी त्यांनी जे केलं ते आमच्यापैकी कोणालाच जमलं नव्हतं.

टिकलीची शाळा

थेरपीवाली ताई सांगायची, तिच्या नजरेच्या उंचीवर बसा, नाव घ्या, बघितलं की लगेच काहीतरी आवडतं द्या. आम्ही जमिनीवर बसून, पोटावर झोपून, तोंडं वेडीवाकडी करून बघितलं. मुक्ता आमच्या आरपार बघायची. आई म्हणून त्याने काय होतं ते सांगत नाही. ज्यांच्या घरात आहे त्यांना ठाऊक आहे.

एक दिवस सासूबाई तिला भरवत होत्या. त्या कपाळाला चांगलं रुपयाएवढं कुंकू लावतात. मुक्ताने वर बघितलं आणि त्या कुंकवावर बोट ठेवलं. सासूबाई घास हातात धरून तशाच बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "गो सुजाता, हडे ये. माझ्याकडे बघता तां."

मी त्याच दिवशी बाजारातून चमकीच्या टिकल्यांची पाकिटं आणली. लाल, खडेवाली, मोठी. दोन भुवयांच्या मधे, होईल तेवढी खाली लावायची. "मुक्ता, इकडे बघ." बघितलं की केळ्याचा वेफर. आमच्या घरात दुसरं कामच उरलं नाही. मंगेश कामावरून आला की हातपाय धुऊन टिकली लावायचा. एकदा तसाच गॅसवाल्याला दार उघडलं. गॅसवाला सिलिंडर ठेवून खाली मान घालून गेला. आम्ही कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी पोट धरून हसलो.

आणि मुक्ता बघायला लागली. आधी वेफरसाठी, मग वेफरशिवाय. हाक मारली की मान वळायची आणि नजर थेट वर यायची. लोक म्हणायचे, अरे वा, बघते की ही. ती डोळ्यांत बघत नव्हती, दोन बोटं वर बघत होती, हे मला कळत होतं. पण दोन बोटं कोण मोजतंय? माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. बोलत नव्हती, एक शब्द नाही, पण बघत होती. सकाळी उठल्यावर पहिलं माझं कपाळ शोधायची. मी झोपतानाही टिकली काढायचं सोडलं. कपाळावर गोल डाग पडला, पडू दे म्हटलं.

अंधेरीचं हॉस्पिटल

मुक्ता सात वर्षांची झाली तेव्हा ग्रुपवर बातमी आली. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात नव्या औषधाचा अभ्यास होणार होता. मुलं निवडायला आईबापांचे फॉर्म भरून घ्यायचे नव्हते. मशीन बघणार होतं. डोक्याला टोपी लावून मेंदूतल्या लहरी, आणि पडद्यासमोर बसवून नजर कुठे जाते ते.

मला फक्त 'औषध' एवढंच ऐकू आलं. खरं सांगते. मंगेशलाही तेच. बोलेल, असं आम्ही धरूनच चाललो. एकदा 'आई' म्हणाली तरी चालेल, असं मी जुहूला जाऊन समुद्राला सांगून आले. हसा हवं तर.

तिथल्या डॉक्टर मॅडम सरळ बाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं. "आत्तापर्यंत औषध लागू पडलं की नाही हे आम्ही आईबापांना विचारायचो. आईबाप आशेवर असतात. साखरेचं पाणी दिलं तरी म्हणतात, फरक पडला. म्हणून असं मोजमाप हवं, ज्यात कोणाच्या म्हणण्याचा संबंध येत नाही. काही मुलं माणसांच्या चेहऱ्याकडे खूपच कमी बघतात. हे औषध त्यांच्यासाठी आहे. मशीनवर तसं दिसलं तरच मूल या अभ्यासात येईल."

मी मान हलवली. मनात म्हटलं, काय ते मोजा बाई, पण औषध द्या.

टोपीचा दिवस भयंकर गेला. डोक्याला तेल नको म्हणून सांगितलं होतं, तर आम्ही केस दोनदा धुऊन नेले. मुक्ताला डोक्याला हात लावलेला चालत नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या छोट्या छोट्या स्पंजांची जाळी असते ती. थंड पाणी मानेवर आलं आणि तिने किंकाळी फोडली. नीलम नावाची तिथली मुलगी जाळी स्वतःच्या डोक्यावर घालून बसली, साबणाचे फुगे उडवत राहिली, पंखा बंद केला, चालू केला. शेवटी मुक्ता दमली म्हणून थांबली. माझा दंड काळानिळा झाला होता. मंगेश बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिथला लिफ्टमन मात्र देवमाणूस. मुक्ताला लिफ्ट आवडते, बापाचं रक्त. तपासणी झाली की तो आम्हाला आत घ्यायचा आणि वरखाली नुसता फिरवायचा. गर्दी असली की म्हणायचा, "पुढच्या फेरीला या, आत पेशंट आहे." त्या एका वाक्यासाठी मला त्याच्या पाया पडावंसं वाटायचं.

नजरेची तपासणी त्या मानाने सोपी. अंधारी खोली, मुक्ता माझ्या मांडीवर, समोर पडदा, त्याखाली एक काळी पट्टी. ती पट्टी मुलाचे डोळे टिपते. माझे डोळे मधे येऊ नयेत म्हणून मला काळा चष्मा. आधी एक उड्या मारणारा चेंडू आला, मग बाया आल्या. बाहेरच्या देशातले व्हिडिओ मुलांना परके वाटतात म्हणून इथल्याच बाया घेतल्या होत्या. ड्रेसमधल्या, साडीतल्या, गाणं म्हणणाऱ्या. बाजूला खेळणी फिरत होती. मला चष्म्यातून धड दिसत नव्हतं, पण मुक्ता शांत बसली होती. मला वाटलं, झकास, काम झालं.

"बसत नाही"

मॅडमनी आम्हाला बोलावून बसवलं. "मुक्ता आमच्या निकषात बसत नाही. ती चेहऱ्याकडे बघते. आमच्या मर्यादेपेक्षा बरीच जास्त बघते. ही चांगलीच गोष्ट आहे."

चांगली गोष्ट. मी म्हटलं, दाखवा.

नीलमने स्क्रीन वळवला. जिथे मुक्ताने जास्त वेळ बघितलं तिथे लाल ठिपका पसरत होता. बाई बोलत होती, हसत होती, हातातली बाहुली नाचवत होती, आणि लाल ठिपका तिच्या कपाळावर. दुसरी बाई, तिच्याही कपाळावर. तोंडावर नाही, डोळ्यांवर नाही. व्हिडिओतल्या बहुतेक बायांनी टिकल्या लावल्या होत्या.

मंगेश पुटपुटला, "वाट लागली."

मग मी सांगायला लागले. टिकल्यांची पाकिटं, वेफर, सगळं. "मॅडम, ती चेहरा बघतच नाही. ती टिकली बघते. आम्ही शिकवलंय." मॅडम मन लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, हे आमच्या लक्षातच आलं नाही, याची नोंद करते. पण चेहऱ्याच्या चौकटीत कपाळ येतं. व्हिडिओ मधेच बदलता येत नाहीत, सगळ्या मुलांना तेच दाखवलेत. आणि आकडा म्हणजे आकडा.

"पण मी आई आहे तिची, मी सांगतेय ना."

"म्हणूनच तर मशीन आणलं," त्या म्हणाल्या. वाईट हेतूने नाही म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं.

बघा म्हणजे. इतकी वर्षं शाळांमधून, लग्नांमधून, बिल्डिंगच्या पायऱ्यांवर मी सांगत आले की माझी पोरगी तुम्हाला वाटते तेवढी वाईट नाही. आणि त्या खोलीत बसून मी भांडत होते की माझी पोरगी तुम्हाला वाटते त्याहून जास्त वाईट आहे, प्लीज माना. मुक्ता शेजारी खुर्ची गोल फिरवत होती. मला माझीच लाज वाटत होती, आणि तरी मी थांबत नव्हते.

उठताना मंगेशने विचारलं, परत तपासणी होते का? मॅडम म्हणाल्या, काही महिन्यांनी दुसरी तुकडी घेणार आहोत, एकदा परत करता येते.

रिक्षात मंगेश हळूच म्हणाला, "टिकल्या काढल्या तर?"

माझ्याही डोक्यात तेच आलं होतं.

कोरं कपाळ

मी त्याच संध्याकाळी टिकली काढली. मुक्ताने माझ्या कपाळाकडे बघितलं. जवळ आली, त्या गोल डागावर बोट ठेवलं, नखाने खरवडलं. मग माझ्या पर्समध्ये शोधायला गेली. पाकिटं मी माळ्यावर टाकली होती.

सासूबाईंचा प्रश्न होता. त्यांना कसं सांगायचं? नवरा जिवंत असलेल्या बाईला कुंकू पूस म्हणायचं म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायला नको. तरी मंगेश बोलला. म्हणाला, आई, लहानशी, न दिसणारी लाव, मुक्तासाठी. त्या भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुझो बापूस थंय जिवंत आसा. मी कुंकू पुसूचंय नाय."

मंगेश चिडला. तोंडाला येईल ते बोलला, नातीपेक्षा कुंकू मोठं झालं का, वगैरे. मी मधे पडले नाही. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. रागाने नाही. मुक्ताचे कपडे घडी करून ठेवले, तिच्यासाठी नाचणीचं पीठ भाजून डब्यात भरलं. मला म्हणाल्या, "मी गावाक जातंय. हय ऱ्हवलंय तर तां माझ्याकडेच बघात. तुमचां काम झालां की बोलवा." जाताना त्यांनी पदर कपाळावरून पुढे ओढून घेतला होता, मुक्ताला दिसू नये म्हणून. माझ्या सासूने आयुष्यात कधी तसा पदर घेतला नव्हता.

त्यांच्यामागे मी छापखाना सोडला, कारण पोरीजवळ कोणी उरलं नव्हतं. आम्ही हाक मारायची बंद केली. इकडे बघ म्हणायचं बंद केलं. थेरपीवाल्या ताईंना सांगितलं, थोडे दिवस येऊ नका. समोरच्या बिऱ्हाडातली बाई टिकली लावून आली की मी तिला दारातूनच वाटेला लावायचे. ती आता माझ्याशी बोलत नाही.

मुक्ता सुरुवातीला रोज शोधायची. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून कपाळ तपासायची. मी मुद्दाम मान फिरवायचे. मग शोधणं कमी झालं. एका सकाळी ती उठली आणि सरळ खिडकीकडे गेली. मी पांघरुणात पडून वाट बघत होते. ती काही वळली नाही. मी उठून चहा ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. मंगेशला सांगितलं, शिकवलेलं विसरली बहुतेक. तो म्हणाला, "चांगलं झालं ना मग?" आणि बोलून झाल्यावर दाढी अर्धी ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसला.

"बसते"

दुसऱ्या तपासणीत तेच व्हिडिओ, त्याच बाया. लाल ठिपका फिरत्या खेळण्यांवर होता, पडद्याच्या कडेवर होता. कपाळांवर जवळजवळ नाहीच. नीलमचा फोन आला, "मुक्ता निकषात बसते. अभिनंदन." मीही थँक्यू म्हटलं. मंगेशने पेढे आणले. कोणी खाल्ले नाहीत.

संमती द्यायला परत अंधेरीला गेलो. मॅडमनी सगळं परत नीट सांगितलं. पातळ औषध, रोज दोन वेळा. काही मुलांना खरं, काहींना नुसतं गोड पाणी, कोणाला काय ते त्यांनाही कळणार नाही. पुढचं वर्षभर घरात नवीन काही शिकवायचं नाही, आत्ता जसं चाललंय तसंच ठेवायचं, नाहीतर फरक औषधाने पडला की शिकवण्याने ते समजणार नाही.

मंगेशने विचारलं, "औषध लागू पडलं तर काय होईल मॅडम? बोलेल?"

"बोलण्याचं मी सांगू शकत नाही. या अभ्यासात आम्ही ते बघतच नाही आहोत. तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

सांगितलं असेल. आमच्या कानात 'औषध' शिरलं होतं, बाकी काही शिरलंच नव्हतं.

"मग काय होईल?"

"लागू पडलं, तर ती माणसांच्या चेहऱ्याकडे जास्त बघायला लागेल. तेच मशीनवर मोजायचंय."

मंगेशने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं. मुक्ता ट्यूबलाइटकडे बघत होती. मी सही केली. ग्रुपवरच्या बायकांनो, मला विचारू नका का केली. खरं औषध तिच्या वाट्याला येईल, या एका आशेवर केली. तुम्हीही कराल. पण करण्याआधी ते नक्की काय मोजणार आहेत, ते एकदा त्यांच्याच तोंडून ऐका आणि घरी जाऊन झोपून या. मी एवढंच सांगू शकते.

घरी आल्यावर सासूबाईंना फोन लावला. त्यांनी उचलल्या उचलल्या विचारलं, काम झालं का, येऊ का. मी म्हटलं, काम झालं, पण वर्षभर तरी येऊ नका, नियम आहे. पलीकडे त्यांनी आधी अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या.

मग त्या म्हणाल्या, "वर्सभरान चेडू माका वळखतलां मां गो?"

मी म्हटलं, "आई, आत्ता ती मला तरी ओळखते का, तेच मला कळत नाहीये."